कळ दाबली म्हणजे काय घडते?

लग्नघरी येणाऱ्या तारा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या तारांमागील एक युक्तीही स्मरत असेल. तारघरात शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांची एक यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक दिलेला असे. पाठविणाऱ्याने क्रमांक तेवढा लिहून द्यावयाचा. तारेवरून जावयाचा तो क्रमांकच. पलीकडच्या तारघरातील माणसाने आपल्या यादीत पाहून त्या क्रमांकाचे पूर्ण वाक्य कागदावर उतरवावयाचे. वधूवरांच्या हाती पडे ती शुभेच्छा. तारेतून प्रवास केलेला असे तो मात्र नुसता आकडा. दोन्हीकडच्या याद्या एकच असल्यामुळे हा व्यवहार निर्वेध चाले. त्यांत तफावत पडली असती, तर परीक्षेतील यशाबद्दलचे अभिनंदन लग्नमंडपात वाचले जाण्याचा प्रसंग आला असता!

भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. तथापि आकडा पाठवून अर्थ पोचविण्याची ती रीत बंद झालेली नाही. संगणकाच्या कळफलकावर बोट ठेवणारा प्रत्येक मनुष्य ती रोज वापरीत असतो आणि ‘टर्मिनल एम्युलेटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलीत तर ती अगदी उघडपणे पाहावयास मिळते. कोणती कळ काय करते, हे त्या कळेवर छापलेल्या अक्षरावरून ठरत नाही. ते दोन पक्षांच्या करारावरून ठरते. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे अनेकांचे तासन् तास केलेले काम क्षणार्धात वाया जाते. म्हणून या कराराची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

टर्मिनल या शब्दाचा अर्थ टोक. एके काळी संगणक एका खोलीत असे आणि त्याच्याशी बोलावयाचे साधन तारेच्या दुसऱ्या टोकाला असे. त्या साधनाला स्वतःची बुद्धी जवळजवळ नसे. कळफलक, आणि समोर कागद किंवा पडदा, एवढाच त्याचा संसार. पुढे प्रत्येकाच्या मेजावर स्वतंत्र संगणक आला आणि ती जुनी यंत्रे अडगळीत गेली. परंतु दूरच्या संगणकाशी बोलण्याची गरज संपली नाही, आणि त्या संगणकांवरील आज्ञावलींना तर जुन्या टर्मिनलांशीच बोलण्याची सवय होती. तेव्हा मेजावरच्या संगणकाने त्या जुन्या यंत्राचे सोंग घ्यावे, अशी तोड निघाली. बहुरूपी फौजदाराचा वेष करून दारात येतो, तेव्हा त्याचा पोशाख, चाल आणि दरडावणी इतकी हुबेहूब असते की समोरचा क्षणभर फसतो. टर्मिनल एम्युलेटर हा असाच एक बहुरूपी होय. त्याच्या सोंगाचा मुख्य भाग म्हणजे कळांची भाषा.

एखाद्याने अशा आज्ञावलीत ‘अ’ची कळ दाबली, असे समजू. कळफलक फक्त एवढेच कळवितो की अमुक क्रमांकाची कळ खाली गेली. मेजावरचा संगणक त्या क्रमांकावरून अक्षर ठरवितो. एम्युलेटर त्या अक्षराचा संकेत तारेवरून दूरच्या संगणकाकडे धाडतो. दूरचा संगणक तो वाचतो आणि बहुधा तेच अक्षर परत पाठवितो. ते परत आले म्हणजे मग पडद्यावर उमटते. म्हणजे पडद्यावर दिसते ते टंकलेखकाच्या बोटाचे काम नव्हे. तो पलीकडून आलेला प्रतिध्वनी आहे. परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर काहीच दिसत नाही, त्याचे कारण हेच. कळा काम करीतच असतात. पलीकडचा संगणक प्रतिध्वनी तेवढा देत नाही.

आता प्रश्न असा की, तारेवरून जाणारे हे संकेत ठरविले कोणी? त्यांचा पाया अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६७ साली लहान लिपीच्या अक्षरांसह सुधारलेल्या ‘आस्की’ या संकेतमालेत आहे. तिच्यात ० पासून १२७ पर्यंत १२८ संकेत आहेत. त्यांपैकी कोऱ्या जागेसह ९५ संकेत छापण्याजोगे असून उरलेले ३३ हे नुसत्या आज्ञा आहेत: ओळीच्या आरंभी परत जा, पुढच्या ओळीवर ये, घंटा वाजव, मजकूर संपला, इत्यादी. १९६३ सालीच आलेल्या टेलिटाईप मॉडेल ३३ या यंत्रात त्या आज्ञा अक्षरशः पाळल्या जात. सात क्रमांकाचा संकेत आला की यंत्रातील खरीखुरी घंटा वाजे. आज एम्युलेटरमध्ये क्वचित ‘टिंग’ असा आवाज होतो, तो त्याच घंटेचा वारस आहे.

या तेहतीस आज्ञांसाठी तेहतीस स्वतंत्र कळा कोण बसविणार? म्हणून ‘कंट्रोल’ नावाची एक कळ योजण्यात आली. तिचे कार्य साध्या वजाबाकीसारखे आहे. मोठ्या ‘ए’चा संकेत ६५, कंट्रोल धरून ए दाबला की त्यातून ६४ वजा होऊन १ उरतो. ‘सी’ ६७, म्हणून कंट्रोल-सी म्हणजे ३. ‘जी’ ७१, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, अर्थात घंटा. संगणकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर सात बिटांपैकी वरचे दोन बिट शून्य होतात आणि खालचे पाच तेवढे शिल्लक राहतात. अक्षर लहान की मोठे, हा भेद त्या वरच्या बिटांतच असल्यामुळे तोही पुसला जातो. साहजिकच कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबली, तरी जुन्या पद्धतीत दूरच्या संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही.

या वजाबाकीचे काही परिणाम मोठे मौजेचे आहेत. ‘आय’चा संकेत ७३, त्यातून ६४ गेले की ९ उरतात, आणि ९ हाच टॅब कळेचा संकेत आहे. ‘एम’ ७७, त्यातून १३ उरतात, आणि एंटर कळ तेच पाठविते. डाव्या चौकटी कंसाचा संकेत ९१. त्यातून उरणारे २७ म्हणजे एस्केप. म्हणून कंट्रोल-आय आणि टॅब यांना दोन निरनिराळी कामे वाटून द्यावीत, असे एखाद्या आज्ञावलीच्या कर्त्याने योजले, तर जुन्या करारात ते अशक्य ठरते. त्याच्यापर्यंत दोन्ही वेळा येतो तो नऊचाच आकडा. शिफ्टची कळ नुसतीच दाबली, तर काहीच जात नाही. दाबलेली कळ सोडल्याची वार्ताही जात नाही. तारेच्या पलीकडे कळफलक नसतोच. तेथे असते ती आकड्यांची एक रांग.

मागचे अक्षर खोडण्याच्या कळेची कथा याहून उद्बोधक आहे. पूर्वी मजकूर कागदी पट्टीवर छिद्रे पाडून साठविला जाई. पाडलेले छिद्र बुजविता येत नाही. मग चुकलेले अक्षर खोडावे कसे? त्यावर उपाय असा की, पट्टी एक घर मागे घ्यावी आणि त्या जागी सातही छिद्रे पाडावीत. सातही बिट एक झाले म्हणजे आकडा होतो १२७. आणि १२७ वाचला की तो सोडून द्यावयाचा, असा नियम. ‘डिलीट’ या संकेताचा जन्म असा झाला. दुसरीकडे ८ हा ‘बॅकस्पेस’चा संकेत नुसता एक घर मागे सरकण्यासाठी होता. पुढे पडदे आले, छिद्रे गेली, आणि मागचे अक्षर पुसणाऱ्या एकाच कळेने ८ पाठवावे की १२७, हा वाद उभा राहिला. काही यंत्रांनी एक पक्ष घेतला, काहींनी दुसरा. एम्युलेटरने ८ पाठविला आणि पलीकडचा संगणक १२७ ची वाट पाहत असला, तर चुकलेले अक्षर पुसले जात नाही. उलट त्याच्यापुढे टोपीचे चिन्ह आणि ‘एच’ अशी जोडी उमटते. ‘पुट्टी’सारख्या आजच्या एम्युलेटरमध्ये या कळेने कोणता आकडा पाठवावा हे निवडण्याची सोय ठेवावी लागली आहे, ती याच जुन्या वादामुळे.

बाणांच्या कळांचा प्रश्न तर अधिकच अवघड होता, कारण आस्कीच्या १२८ संकेतांत त्यांना जागाच नव्हती. १९७६ सालच्या एडीएम ३ए या टर्मिनलवर एच, जे, के आणि एल या चार अक्षरकळांवरच बाण छापलेले होते. बिल जॉय याने ‘व्हीआय’ हा संपादक त्याच टर्मिनलवर लिहिला, म्हणून आजही त्या संपादकात याच चार अक्षरांनी डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाता येते. मात्र सर्वांत दीर्घायुषी ठरली ती दुसरी युक्ती. ‘आता येणारी अक्षरे अक्षरे म्हणून वाचू नयेत’ अशी सूचना देणारा २७ हा एस्केपचा संकेत आधी पाठवावयाचा आणि त्यामागून एकदोन साधी अक्षरे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली बाजारात आणलेल्या व्हीटी १०० या टर्मिनलने वरच्या बाणासाठी एस्केप, डावा चौकटी कंस आणि ‘ए’ अशी त्रयी पाठविली. खालच्यासाठी शेवटी ‘बी’, उजव्यासाठी ‘सी’, डाव्यासाठी ‘डी’. ती कंपनी १९९८ साली कॉम्पॅकमध्ये विलीन झाली. पण तिने ठरविलेली ही त्रयी आजच्या बहुतेक सर्व एम्युलेटरांत जशीच्या तशी नांदत आहे.

त्याच कंपनीच्या १९८३ सालच्या व्हीटी २२० चा वारसा याहूनही सूक्ष्म आहे. त्याच्या कळफलकावर मजकूर काढून टाकण्यासाठी ‘रिमूव्ह’ नावाची कळ होती व तिच्या संकेतात ३ हा आकडा येई. आजची डिलीट कळ एम्युलेटरमध्ये तोच तिनाचा संकेत पाठविते. मागच्या पानाची कळ ५ पाठविते आणि पुढच्या पानाची ६, तेही तेथूनच आलेले. त्या टर्मिनलवर सहाव्यापासून दहाव्यापर्यंतच्या कार्यकळांचे आकडे १७ ते २१ असे होते आणि अकरावीचा आकडा एकदम २३. मधला २२ गळालेला. कळफलकाकडे पाहिले म्हणजे दिसते की, दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये प्लास्टिकच्या पट्टीवर मोकळी जागा होती, आणि जेथे कळांत जागा सुटली तेथे आकड्यांतही एक आकडा सुटला. ते कळफलक गेले; आकड्यांतली ती फट मात्र कायम आहे.

या युक्तीत एक पेच मूळचाच आहे. एस्केप ही स्वतःही एक कळ आहे आणि तीसुद्धा २७ हाच आकडा पाठविते. मग २७ आला, तर तो एकटा आहे की त्याच्यामागून बाणाची उरलेली अक्षरे येत आहेत, हे पलीकडच्याने ओळखावे कसे? त्याला थोडे थांबून पाहण्याखेरीज गत्यंतर नसते. पुढचे अक्षर तत्काळ आले तर ती बाणाची कळ. न आले तर नुसता एस्केप. काही आज्ञावलींत एस्केप दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही, त्याचे कारण हे थांबणे होय. मंद तारेवर उरलेली अक्षरे उशिरा पोचली, म्हणजे मात्र एका बाणाचे तुकडे होऊन एक एस्केप आणि दोन निरर्थक अक्षरे असा अनर्थ ओढवतो.

निरनिराळ्या कंपन्यांची टर्मिनले निरनिराळे संकेत वापरीत. त्या गोंधळावर उपाय म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत असतानाच बिल जॉय याने ‘टर्मकॅप’ नावाची एक नोंदवही तयार केली. कोणत्या टर्मिनलची कोणती कळ काय पाठविते, हे तीत लिहिलेले असे. पुढे तिची जागा बहुतांशी ‘टर्मइन्फो’ने घेतली. तारघरातील यादीच ती! जोडणी होताना एम्युलेटर आपले नाव सांगतो आणि दूरची आज्ञावली त्या नावाखालचे पान उघडते. नाव खोटे सांगितले किंवा पलीकडच्या वहीत ते पानच नसले, तर वरचा बाण दाबताच आधीची आज्ञा दिसण्याऐवजी टोपीचे चिन्ह, दोन चौकटी कंस आणि ‘ए’ अशी विचित्र अक्षरे पडद्यावर पसरतात. अननुभवी मनुष्य कळफलक बिघडला असे समजतो. वस्तुतः कळ नीट असते, तारही नीट असते. दोन याद्या जुळत नाहीत, एवढेच.

येथवरचे घोटाळे केवळ त्रासदायक आहेत. परंतु दोन कळा अशा आहेत की त्यांच्याबद्दलचे अज्ञान महागात पडते. पहिली कंट्रोल-सी. खिडक्यांच्या आधुनिक जगात ती मजकुराची नक्कल करून घेते. टर्मिनलच्या जगात तीनचा आकडा म्हणजे चालू काम तेथल्या तेथे थांबविण्याची आज्ञा. रात्रभर चाललेल्या हिशेबाचा आकडा दुसऱ्या कागदावर घ्यावा म्हणून एखादा कारकून सवयीने कंट्रोल-सी दाबतो, आणि नक्कल होण्याऐवजी हिशेबच बंद पडतो. म्हणूनच लिनक्सवरील बहुतेक एम्युलेटरांनी नकलेसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि सी अशी तिहेरी जोडी योजिली आहे. ॲपलच्या संगणकांवर नकलेला कमांड ही वेगळीच कळ असल्याने तेथे हा झगडा उद्भवत नाही.

दुसरी कंट्रोल-एस. इतरत्र ती लिहिलेला मजकूर जतन करते. टर्मिनलमध्ये मात्र १९ हा आकडा ‘आता पाठविणे थांबव’ असे सांगतो. कागदावर छापणारी यंत्रे मागे पडू लागली म्हणजे दूरच्या संगणकाला थोपविण्यासाठी तो योजिलेला होता. हा आकडा जाताच पडदा निश्चल होतो. यंत्र मेले असे वाटून मनुष्य भराभर कळा दाबू लागतो आणि अखेर खिडकीच बंद करतो. जतन न केलेले काम तिच्याबरोबर जाते. वास्तविक यंत्र जिवंत असते. थांबलेले असते ते पलीकडून येणारे उत्तर, इकडून जाणाऱ्या कळा नव्हेत. घाबरून दाबलेली प्रत्येक कळ पलीकडे पोचत असते, आणि तिच्यात एखादी फाईल पुसण्याची आज्ञा असली तर तीही पाळली जाऊ शकते. अशा वेळी कंट्रोल-क्यू, म्हणजे १७ चा आकडा, एवढेच औषध पुरेसे असते. तो जाताच अडलेला मजकूर धावत पडद्यावर येतो. जे दिसत नाही ते घडतही नाही, हा समज टर्मिनलपुढे बसणाऱ्याने प्रथम सोडावयास हवा.

सारीच टर्मिनले अक्षरागणिक बोलत नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. आयबीएम कंपनीने १९७१ साली ३२७० ही मालिका काढली, तिची पद्धत मनीऑर्डरच्या फॉर्मसारखी आहे. फॉर्म भरताना कितीही खाडाखोड केली तरी खिडकीपलीकडच्या कारकुनाला तिचा पत्ता नसतो. फॉर्म त्याच्या हाती पडतो तेव्हाच तो वाचतो. ३२७० मध्ये अक्षरे, टॅब आणि बाण हे सारे टर्मिनलमध्येच राहतात. एंटर किंवा एखादी कार्यकळ दाबली, की कोणत्या कळेने फॉर्म सुपूर्द झाला हे सांगणारा एक बाईट आणि बदललेल्या रकान्यांचा मजकूर असे सर्व एकदम रवाना होते. त्यानंतर उत्तर येईपर्यंत कळफलकाला कुलूप लागते. मूळ कळफलकावर ही एंटर कळ उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात असे. त्या जागेची आठवण ठेवून अनेक एम्युलेटरांत ते काम उजव्या कंट्रोल कळेकडे दिलेले आढळते. नवखा मनुष्य नेहमीची मोठी एंटर दाबतो, कर्सर नुसता खाली उतरतो, आणि आपण पाठविलेला फॉर्म पोचलाच कसा नाही म्हणून तो वाट पाहत बसतो.

हा करार इंग्रजी अक्षरांभोवती झालेला असल्यामुळे देवनागरीला त्यात उशिराच जागा मिळाली. आस्कीचे १२८ संकेत तसेच ठेवून वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसविणारी ‘इस्की’ ही संकेतमाला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘जिस्ट’ या नावाखाली भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र विकसित केले, त्याचा आरंभ आय.आय.टी. कानपूर येथे झाला होता. आणि त्या नावातील शेवटचे अक्षर मुळात टर्मिनल या शब्दाचेच होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘के’च्या कळेने ‘क’ उमटतो. इस्कीत त्याच्यासाठी एक बाईट पुरे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तोच ‘क’ २२४, १६४ आणि १४९ असे तीन बाईट होऊन जातो. पलीकडचा संगणक बाईट मोजणारा असेल, तर खोडण्याची कळ एकदा दाबल्याने ‘क’ नाहीसा न होता त्याचा तिसरा हिस्सा तेवढा जातो. लिनक्समध्ये यासाठी एक वेगळी खूण ठेवावी लागली. तरीही ‘की’ हे अक्षर खोडताना आधी वेलांटी जाते व ‘क’ उरतो. शिवाय वेलांटीने पडद्यावर किती जागा घ्यावी याबद्दल एम्युलेटर आणि आज्ञावली यांचे एकमत नसले, तर कर्सर एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे असा देखावा दिसतो. येथेही दोष लिपीचा नाही. यादीत तिच्यासाठी लिहिलेली ओळ अपुरी आहे.

जुना करार बदलण्याचे प्रयत्न अर्थात चालू आहेत. कोविद गोयल यांच्या ‘किटी’ या एम्युलेटरने कळांसाठी नवी पद्धती मांडली असून इतर अनेकांनी ती स्वीकारली आहे. तीत कंट्रोल-आय आणि टॅब यांना निराळे संकेत मिळू शकतात आणि कळ सोडल्याची वार्ताही पाठविता येते. परंतु ही पद्धती आपण होऊन लागू होत नाही. दूरच्या आज्ञावलीने ‘मला नवी यादी समजते’ असे प्रथम सांगावे लागते. ती गप्प राहिली तर १९७८ सालची बोलीच पुढे चालते. जुन्यास न दुखविता नवे आणावयाचे, तर आधी विचारावे लागते, हे शहाणपण त्यात आहे.

तेव्हा कळ दाबूनही अपेक्षित ते घडले नाही, तर बोटाला किंवा यंत्राला बोल लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: इकडून कोणता आकडा गेला, एम्युलेटरने आपले नाव काय सांगितले, आणि पलीकडच्या यादीत त्या आकड्याचा अर्थ काय आहे. या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक घोटाळ्यांचा उलगडा सापडतो. कागदी पट्टीवर सात छिद्रे पाडणारा कारागीर आणि आज पडद्यापुढे बसलेला तरुण यांची भेट कधी झाली नाही. पण दोघांच्या हाती एकच यादी आहे. ती यादी वाचावयास शिकलेला मनुष्य निश्चल पडद्यापुढे घाबरत नाही, आणि आपले काम आपल्याच हाताने घालवीत नाही.